जामीनदारांचा आलेख

एम.एस्सी.चं दुसरं सत्र सुरू झालं की आमच्या गणित विभागात ओजेटीची धांदल उडते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार या ऑन जॉब ट्रेनिंगला चार क्रेडिट आहेत, म्हणजे साधारण 120 तास प्रत्यक्ष कामाच्या जागी काढायचे. रसायनवाल्यांना एमआयडीसी आहे, संगणकवाल्यांना पुणं आहे. गणितवाल्यांना कोण विचारतो? मग कुणाच्या तरी काकांच्या फर्मचा शिक्का, त्यावर सही आणि इंटरनेटवरून उतरवलेला अहवाल. असले अहवाल तपासायचा मला कंटाळा आहे. म्हणून मी पोरांना पतसंस्थेत धाडतो.

पोरं आधी तोंड वाकडं करतात. बँकेतलं करिअर म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे मुंबईतली काचेची इमारत येते. इथे माडीवरचा हॉल, पिग्मी एजंटांची वर्दळ, सोनेतारणाचा तराजू आणि कॅश टॅली होत नाही म्हणून संध्याकाळी अडकून पडलेला कॅशियर.

गेल्या खेपेच्या एका विद्यार्थिनीला पहिल्याच आठवड्यात काउंटरवर एक गिऱ्हाईक भेटलं. गाडीसाठी लाखभर हवे होते. म्हणाला, "शोरूमवाला दहा टक्क्यांनी देतो, तुम्ही चौदा का लावता?" क्लार्कने हात वर केले. हिने कागद ओढला. शोरूमचे दहा टक्के फ्लॅट, म्हणजे मुद्दल फिटत आलं तरी व्याज पुऱ्या लाखावर. तीन वर्षांचं व्याज 30 हजार, हप्ता 3,611 रुपये. पतसंस्थेचे चौदा टक्के घटत्या शिलकेवर, हप्ता 3,418. शोरूमचा खरा दर जवळपास 18 टक्के निघाला. भूमिती श्रेढीची बेरीज तिने अकरावीपासून शेकडो वेळा केली असेल, पण त्या बेरजेवर कुणी गाडी कुठून घ्यायची ते ठरवताना ती प्रथमच पाहत होती.

तरी माझ्या मते तिचं खरं शिक्षण झालं ते वसुलीच्या टेबलावर. मॅनेजरसाहेबांनी तिला नावं झाकून काही कर्जप्रकरणं पाहायला दिली. साखर कारखान्यातल्या आठ कामगारांची कर्जं, प्रत्येकाला दोन जामीनदार. कागदोपत्री चोख. हिला सवय आलेख सिद्धांताची, म्हणून तिने माणसांचे ठिपके मांडले आणि जामीनदाराकडून कर्जदाराकडे बाण काढले. बाहेरून एकही बाण आत येईना. तुझ्या कर्जाला मी, माझ्या कर्जाला तो, त्याच्या कर्जाला तू. सोळा सह्या आणि माणसं आठच! साहेबांना यात नवल वाटलं नाही. "अहो, गावात दुसरा जामीनदार आणायचा कुठून?" ते म्हणाले. त्यांचंही खरं आहे.

पण या चित्रात बँकिंगच्या गणिताचा गाभा आहे. शंभर कर्जं घ्या, प्रत्येक वर्षभरात बुडण्याची शक्यता पाच टक्के धरा. कर्जं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर सरासरी पाच बुडतील आणि पंधराच्या वर बुडणं जवळजवळ अशक्य. तीच शंभर कर्जं एका कारखान्याच्या पगारावर उभी असतील तर सरासरी पाचच येते, पण तिचा अर्थ वेगळा: एकोणीस वर्षं काहीच होत नाही आणि विसाव्या वर्षी शंभरच्या शंभर बुडतात. कायद्याने ऊसबिल 14 दिवसांत द्यायचं असतं, ते किती लांबतं हे या भागात कुणाला सांगायला नको. बिल लांबलं, पगार लांबला की कर्जदार आणि जामीनदार एकाच दिवशी कोरडे.

अमेरिकेत 2008 साली याच जातीची चूक भलत्या मोठ्या आकड्यांवर झाली. डेव्हिड ली यांनी 2000 साली मांडलेलं एक सूत्र वापरून कर्जं एकत्र बुडण्याची शक्यता मोजली जात होती. गणितात खोट नव्हती, गृहीतकात होती. घरांच्या किमती देशभर एकदम उतरल्या आणि सुटी सुटी समजलेली कर्जं एकत्र बुडाली. वर्गात मी हे दरवर्षी शिकवतो, पोरं दरवर्षी जांभया देतात. त्या मुलीने मात्र 'स्वतंत्र' हा शब्द आला की "कशावरून?" असं विचारायला सुरुवात केली.

आता पोटापाण्याचं. आयबीपीएसच्या परीक्षेला कुठलाही पदवीधर चालतो, तिथे गणिताच्या पदवीला वेगळा मान नाही. पूर्वपरीक्षेत अंकगणिताचे 35 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे असतात आणि एप्सिलॉन-डेल्टात रमणारी आमची पोरं सतरा तेवीस किती याला अडखळतात. (वाणिज्यवाले बरे, त्यांचा हात बसलेला असतो.) स्टेट बँकेची अप्रेंटिसशिप वर्षभराची, महिना 15 हजार रुपये. पुढे नोकरीची हमी नाही, पण माझ्या मते बाविसाव्या वर्षी क्लासची फी भरण्यापेक्षा ती बरी. रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी विभागात ग्रेड बी अधिकारी व्हायचं तर पदव्युत्तर गणित-संख्याशास्त्राला तिथे खरी किंमत आहे.

आणखी एक दार उघडतं आहे. कर्ज थकल्यावर तरतूद करण्याऐवजी संभाव्य तोटा आधीच मोजून तरतूद करायची पद्धत 1 एप्रिल 2027 पासून व्यापारी बँकांना लावण्याचं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलं. बुडण्याची शक्यता, बुडाल्यावर किती हाती लागेल, त्या वेळी येणं किती, हे सगळं मोजायला माणसं लागणार. मोजलेलं तपासायलाही लागणार. परदेशी बँकांच्या पुण्या-मुंबईतल्या कचेऱ्यांत मॉडेल तपासण्याचं हे काम आधीपासून चालतं. तिथे मुलाखतीत सूत्र सगळेच सांगतात. गृहीतक कुठे मोडेल हे सांगणाऱ्याकडे मान वर करून बघतात.

पतसंस्थेने त्या आलेखाचं काय केलं? सध्या एवढंच, की नव्या अर्जावर एक रकाना वाढला: जामीनदार स्वतः कुणाकुणाला जामीन आहे. आणि मॅनेजरसाहेबांचा निरोप आला, "सर, पुढच्या वर्षी दोघं पाठवा. पण एक्सेल येणारी पाठवा, त्या पोरीने सगळं वहीत काढलंय."