आत्मविश्वासाची तालीम

झाडावर चढू पाहणारे मूल खाली पडले, की घरातील वडील माणसे धावत येतात आणि 'पुन्हा झाडाकडे फिरकू नकोस' असे त्याला बजावतात. त्यांच्या मायेविषयी शंका नाही. परंतु त्या मायेने मुलाच्या मनात भीतीच घर करते. वर्गात उत्तर चुकले आणि हशा पिकला, की एखादा विद्यार्थी पुढे वर्षभर हात वर करीत नाही. अशा मुलाला 'तू हुशार आहेस' असे कितीही सांगितले, तरी त्याला धीर येत नाही. आत्मविश्वास ही दुसऱ्याने देण्याची वस्तू नव्हे. ती स्वतःच कमवावी लागते, आणि पुष्कळदा ती पराभवानंतरच हाती येते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव ह्यांचे चरित्र ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरले. त्यांची सवय तांबड्या मातीतील कुस्तीची. तेथील कुस्ती मॅटवरची आणि तिचे नियमही निराळे. ते सहावे आले. 'ही कुस्ती आपली नव्हे' असे म्हणून त्यांना घरी बसता आले असते. तसे न करता त्यांनी पुढील चार वर्षे कसून मेहनत केली.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा नव्हता. तेव्हा लोकांनी वर्गणी जमवली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी तर आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीतही जपानच्या आणि सोव्हिएत संघाच्या मल्लांपुढे खाशाबांना हार पत्करावी लागली. तथापि इतर तीन कुस्त्या जिंकून त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

सगळ्यांनाच काही पदके मिळत नाहीत, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु पदक हुकले असते, तरी त्या चार वर्षांत अंगी आलेले बळ कोणी हिरावून नेले नसते. शिवाय, संकटात दुसऱ्याचे साहाय्य घेणे हा दुबळेपणा नव्हे, हेही ह्या कथेवरून दिसते.

तालमीत आलेल्या नव्या पोराच्या पाठीला रोज माती लागते. चांगला वस्ताद त्याला हसत नाही, की घरीही धाडीत नाही. डाव कोठे फसला ते दाखवतो आणि पुन्हा आखाड्यात उतरवतो. वडीलधाऱ्यांनीही झाडाखाली उभे राहून मजबूत फांदी कोणती ते दाखवावे. सोबत्याचे उत्तर चुकले, तर वर्गाने हसू आवरावे. आणि ज्याचे उत्तर आज चुकले, त्याने रात्री तो धडा पुन्हा वाचून उद्या सर्वांच्या आधी हात वर करावा. त्याची तालीम तेथूनच सुरू होते.