धुऱ्यावरचा साग कोणाचा?

कपाशीला भाव नाही, ज्वारी पावसात काळी पडली, अशा साली वऱ्हाडातला कास्तकार विकण्यासारखे काय उरले ते पाहतो. आधी बैल जातो, मग घरधनिणीच्या अंगावरचे. बापाने राखलेला धुऱ्यावरचा साग मात्र उभाच राहतो. सातबारा आपला, झाड आपले. कुऱ्हाड लावायची सोय नाही.

साग म्हणजे काय ते आम्हाला कोणी शिकवायला नको. अकोट-परतवाड्याकडची जुनी घरे पाहा. खांब, तुळया, चौकटी सागाच्या. अंगात तेल असल्याने वाळवी सहसा लागत नाही. घर पडले तरी खांब नव्या घराला चालतो. गाडीचे चाक बाभळीचे आणि घर सागाचे, ही सुताराची जुनी वाटणी. कोवळे पान चोळून तळहात लाल करणे हा तर गुराख्याच्या पोरांचा खेळ.

मग सरकार मध्ये आले कुठून? इंग्रजांची जहाजे ओकच्या लाकडाची. विलायतेत ओक कमी पडू लागला तेव्हा नजर सागाकडे वळली. मुंबईच्या गोदीत सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली, ती आजही इंग्लंडात तरंगते आहे. या लाकडासाठीच कंपनीने १८०६ साली मलबारात अधिकारी नेमला आणि लोकांच्या खाजगी रानातल्या सागावरही हक्क सांगितला. ओरड इतकी झाली की १८२३ साली मद्रासचे गव्हर्नर मन्रो यांनी ते पदच मोडीत काढले.

कंपनीला जे उमगले ते स्वराज्यात विसरले गेले. झाडतोडीवर निर्बंध घालणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत साग आहे. मोह, आंबा, चिंचही आहेत. अर्ज, पाहणी, घणाचा शिक्का, वाहतुकीचा पास. हे हेलपाटे ज्याला झेपत नाहीत तो उभे झाड व्यापाऱ्याला देतो, आणि कागदांचा खर्च त्याच्याच भावातून कापला जातो.

कायद्याने झाडे वाचली म्हणावे, तर आपोआप उगवलेले सागाचे रोप कास्तकार वखरातच काढून टाकतो. आम्हीही काढली आहेत. खोटे कशाला सांगावे?

मेळघाटातला चोरटा माल शेतातला म्हणून खपेल, ही भीती खोटी नाही. त्यासाठी झाडांची नोंद सातबाऱ्यावर आणि मोजणी ग्रामसभेसमोर व्हावी. जंगलाबाहेरचा बांबू २०१७ साली केंद्राने वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला. मग शेतातल्या सागाने काय घोडे मारले?

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने धुऱ्यावरचे साग मोजून आणावेत. सातबाऱ्यावर किती चढले आहेत तेही लिहावे. या वर्षी उगवलेली रोपेही मोजा.