फोनचा पोटमाळा

परवा शाळा सुटल्यावर फाटकापाशी आमच्या चौथीच्या वर्गातला एक पठ्ठ्या मला अडवून उभा राहिला. सोबत त्याची आई. स्वारी भलतीच चिडलेली होती.

"बाई, आमचा फोन खोटं बोलतो!"

"अरे, फोन कसा खोटं बोलेल?"

"बोलतो! मी सगळे फोटो पुसले. सगळे व्हिडिओ पुसले. माझा गेमसुद्धा काढून टाकला. तरी म्हणतो, जागा नाही म्हणून!"

त्याची आई हसत होती, पण तिच्या हसण्यात काळजी होती. ही मंडळी राहतात उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचला, आमच्या अंबरनाथच्या शाळेपासून जवळच. उल्हासनगर जीन्ससाठी प्रसिद्ध आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पठ्ठ्याची आई घरी बसून जीन्सचे धागे कापण्याचं काम करते. कुठला माल, किती नग, कधी द्यायचे, ते सगळं फोटो काढून फोनवर येतं. आणि चार दिवसांपासून एकही फोटो उघडत नव्हता. फोटो उघडला नाही की काम दुसरीकडे जातं. म्हणजे बघा, जागा नाही हा काही नुसता गेमचा प्रश्न नव्हता!

"ताई, बसा," म्हटलं. "आपण तिघं मिळून बघू." आणि शाळेच्या पायरीवरच आमची बैठक जमली.

आधी मी पठ्ठ्याला विचारलं, "तुमच्या घराला पोटमाळा आहे का रे?"

"आहे की!"

"पाहुणे आले तर तुमचं घर कसं दिसतं?"

"एकदम स्वच्छ!"

"आणि पोटमाळ्यावर?"

तो आईकडे बघून फिसकन हसला. जुन्या गाद्या, तुटका पंखा, ताईच्या पहिलीपासूनच्या वह्या. सगळं वर कोंबलेलं! फोनचंही अगदी तस्संच असतं. गॅलरी म्हणजे पुढची खोली. तिथलं आपल्याला दिसतं. पोटमाळ्यावरचं दिसत नाही, पण जागा तेही खातंच.

फोन होता ३२ जीबीचा. पण त्यातले ३२ आपल्या वाट्याला कधीच येत नाहीत. फोन ज्याच्या जोरावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टीमच त्यातली बरीच जागा अडवून बसते. घर घेतलं तरी भिंती आणि जिना सोडूनच सामान लावावं लागतं ना, तसं. त्याला इलाज नाही. ते सोडून द्या.

आता पठ्ठ्याचं कोडं. फोटो पुसले, ते गेले कुठे? कुठ्ठेच नाही! बहुतेक फोनांत पुसलेला फोटो आधी कचरापेटीत जातो आणि साधारण ३० दिवस तिथेच पडून राहतो. गूगल फोटोजमध्ये तर, फोटोचा बॅकअप झालेला असेल तर, ६० दिवस. चुकून पुसला तर परत घेता यावा म्हणून ही सोय आहे. पठ्ठ्याने केर काढला होता खरा, पण डबा घरातच ठेवला होता! गॅलरीतली कचरापेटी उघडली, तर सगळे फोटो तिथे हजर. त्यात त्याच्या वाढदिवसाचेही होते. "हे पण पुसले होतेस?" आईने विचारलं. स्वारी गप्प. ते आम्ही आधी परत घेतले आणि मग उरलेली पेटी रिकामी केली.

एक गोष्ट मात्र इथे कान देऊन ऐका. गूगल फोटोजमधून फोटो पुसला की तो फोनमधूनही जातो आणि गूगलकडे ठेवलेली प्रतसुद्धा जाते. खूप जण इथे फसतात. फोनमधली जागा हवी आणि वरची प्रत राहायला हवी, तर त्याच अ‍ॅपमध्ये 'जागा मोकळी करा' असा वेगळा पर्याय आहे. तोच वापरायचा.

मग आम्ही वळलो व्हॉट्सअ‍ॅपकडे. सेटिंग्ज, मग स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज. तिथे कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने दिसतं. पहिला नंबर कोणाचा असेल? सांगा बरं! नातेवाइकांच्या ग्रुपचा! गुलाबाची फुलं, वाफाळता चहा, सूर्योदय आणि शुभ सकाळ, शुभ सकाळ, शुभ सकाळ!

हसू नका. जगभर गाजलेली गोष्ट आहे ही. गूगलच्या लोकांना कोडं पडलं होतं, की भारतातले एवढे फोन अडकतात का? शोध घेतला, तर गुन्हेगार निघाली आपली 'गुड मॉर्निंग'ची चित्रं! अमेरिकेतल्या 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वर्तमानपत्राने जानेवारी २०१८ मध्ये ही बातमी छापली. वेस्टर्न डिजिटल या साठवणुकीची साधनं बनवणाऱ्या कंपनीचा हिशेब त्यात दिला होता. भारतात दर तीन स्मार्टफोनवाल्यांपैकी एकाची जागा रोज संपते, अमेरिकेत दहांपैकी एकाची. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, गूगलने फोन साफ करायचं एक अ‍ॅपही काढलं होतं. आता त्याचं नाव 'फाइल्स' आहे आणि पुष्कळ अँड्रॉइड फोनांत ते आधीपासूनच असतं.

पठ्ठ्याला मी पायरीवरच गणित घातलं. एक चित्र २०० केबीचं, रोज ३० चित्रं, तर वर्षाला किती? त्याने बोटं मोडली, आकाशाकडे पाहिलं, शेवटी खडूने फरशीवर मांडलं. रोजचे ६,००० केबी, म्हणजे सुमारे ६ एमबी. गुणिले ३६५. २,१९० एमबी! म्हणजे नुसत्या शुभ सकाळीची दोन जीबी! (गुणाकार एका फटक्यात बरोबर आला, हे त्याच्या आईने पाहिलं ते बरं झालं. वर्गात कधी येत नाही.)

आता खरा पोटमाळा. त्याचं नाव कॅशे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी 'लपवणं'! उत्तर अमेरिकेच्या जंगलात फिरणारे शिकारी आपला दाणागोटा जमिनीत पुरून ठेवत, त्या जागेला कॅशे म्हणत. आयबीएम कंपनीच्या मंडळींनी १९६८ च्या सुमारास हा शब्द संगणकात आणला. अ‍ॅप काय करतं, की पाहिलेलं चित्र, उघडलेलं पान पुन्हा लागेल म्हणून जवळ लपवून ठेवतं. म्हणजे दुसऱ्यांदा ते झटकन उघडतं. हेतू चांगला. पण आपण हजार व्हिडिओ बघतो आणि पुन्हा बघतो चार! बाकीचा दाणागोटा तसाच पडून राहतो.

तो काढायचा असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, मग ते अ‍ॅप, मग स्टोरेज. तिथे 'क्लीअर कॅशे' असं बटण असतं. ते दाबलं तर काही बिघडत नाही. पुढच्या वेळी अ‍ॅप जरा हळू उघडेल, एवढंच.

पण त्याच्या शेजारीच दुसरं बटण असतं. 'क्लीअर डेटा' किंवा 'क्लीअर स्टोरेज'. पठ्ठ्याचं बोट तिकडे गेलं आणि मी त्याचा हातच धरला. इतका घट्ट, की तो दचकला.

का, ते सांगते. २०२२ साली स्वातंत्र्याला ७५ वर्षं झाली, तेव्हा आमच्या वर्गाने एक उपक्रम केला होता. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना भेटायचं आणि ते बोलतील ते ऐकायचं. उल्हासनगर म्हणजे मूळची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली हजारो माणसं या बराकींमध्ये राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळालं. हे झालं पुस्तकातलं. पण कॅम्प पाचमधले एक सिंधी आजोबा आम्हाला जे सांगत होते, ते कुठल्या पुस्तकात मिळणार? नऊ वर्षांचे असताना ते कराचीहून बोटीने मुंबईला आले होते. एका लांबलचक बराकीत किती कुटुंबं, मध्ये भिंती नाहीत, गोणपाट टांगून खोल्या केलेल्या. पलीकडच्या घरातलं बाळ रडलं की अलीकडची आई उठायची. मी माझ्या फोनवर एका अ‍ॅपमध्ये ते सगळं टिपून घेतलं होतं. चाळीस मिनिटं.

पुढच्या वर्षी आजोबा वारले. आणि त्याच पावसाळ्यात एका सकाळी मी बदलापूर स्टेशनवर उभी होते, फोन म्हणाला जागा नाही, लोकल यायला चार मिनिटं होती. सेटिंग्जमध्ये शिरले आणि घाईघाईने दोन-तीन अ‍ॅप्सवर जे बटण दिसेल ते दाबत सुटले. त्यात हेही अ‍ॅप होतं. फोनने विचारलं होतं हो, 'कायमचं पुसलं जाईल, चालेल?' मी 'ओके' म्हटलं. ते अ‍ॅप रेकॉर्डिंग स्वतःच्याच पोटात ठेवत होतं, हे मला लोकलमध्ये बसल्यावर कळलं. 'क्लीअर डेटा' म्हणजे ते अ‍ॅप जणू नव्याने आणलं, आतलं सगळं साफ. त्याला कचरापेटीही नसते. आजोबांच्या घरी जाऊन हे सांगण्याचं धाडस मला बरेच दिवस झालं नाही.

पठ्ठ्या ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "बाई, तेव्हा आमची ताई तुमच्या वर्गात होती. ते आजोबा आमच्याच शेजारचे."

हो की! ताई तेव्हा पाचवीत होती आणि त्या दिवशी माझ्यासोबत आलेलीही होती.

असो. पुढे जाऊ. एक जागा बघायची राहिली होती आणि ती भल्याभल्यांना ठाऊक नसते. व्हॉट्सअ‍ॅपवरून तुम्ही एखादा फोटो किंवा व्हिडिओ कोणाला पाठवला, की त्याची एक प्रत पुष्कळदा 'सेंट' नावाच्या कप्प्यात राहते. मूळ फोटो गॅलरीत असतो तो वेगळा आणि ही प्रत वेगळी. त्या कप्प्यात 'नोमीडिया' नावाची एक चिमुकली फाइल असते. तिच्या नावाआधी टिंब असतं. टिंब म्हणजे लपलेली फाइल. ती गॅलरीला सांगते, इकडे बघू नकोस! म्हणून गॅलरी बघत नाही, आपल्याला दिसत नाही आणि जागा मात्र जातच राहते.

तिथे पोचायचं तर फाइल मॅनेजरमधून जावं लागतं. इंटर्नल स्टोरेज, त्यात अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर, पुन्हा मीडिया, मग व्हिडिओ आणि मग सेंट. एवढे जिने! जाताना शेजारी 'डेटाबेसेस' नावाचं फोल्डर दिसेल, त्याला हात लावू नका. त्यात तुमच्या गप्पांच्या अलीकडच्या बॅकअप प्रती असतात.

सेंटमध्ये दोनशेच्या वर व्हिडिओ निघाले. पठ्ठ्या म्हणाला, "सगळे निवडू आणि पुसू." आई म्हणाली, "एकेक बघू." मला घरी जायचं होतं, खरं सांगते. पण आई एकेक उघडत गेली. मामाचं लग्न. पुराचं पाणी. गणपती. पुन्हा गणपती. मग एकात अर्धा पडदा काळाच. कोणाचं तरी बोट भिंगावर आलेलं.

"ताईचं बोट!" पठ्ठ्या ओरडला. "ती नेहमी असंच करते!"

बोट बाजूला झालं. मागे बराकीची जुनी भिंत, खाट आणि खाटेवर ते आजोबा. दीड मिनिटाचा व्हिडिओ. ताईने गंमत म्हणून काढून मामाला पाठवला होता. गॅलरीतला मूळ केव्हाच पुसला गेला होता. मामाला पाठवलेला तिला आठवतही नव्हता. चाळीस मिनिटांतलं एवढंच उरलं होतं, तेही पोटमाळ्यावर.

आधी तो माझ्या फोनवर घेतला. मग शाळेच्या संगणकावर, मग पेन ड्राइव्हवर. आजोबांच्या मुलाला संध्याकाळी मी स्वतः नेऊन दिला. त्यांनी तो तीनदा बघितला आणि चहा केला.

हां, मधल्या चार ओळी तुमच्यासाठी. फोन साफ करून देतो म्हणून लाल अक्षरांत घाबरवणारी जी अ‍ॅप्स जाहिरातींतून दिसतात, ती घेऊ नका. त्यांचं काम फोनच्या सेटिंग्जमध्ये आधीपासून आहे. आयफोन असेल तर तिथे सगळ्या अ‍ॅप्सना असं कॅशेचं बटण मिळत नाही, पण 'ऑफलोड अ‍ॅप' असतं. त्याने अ‍ॅप जातं आणि त्यातली तुमची माहिती राहते. आणि फोन आईबाबांचा असेल तर ते शेजारी असतानाच हे सगळं करा.

पायरीवर अंधार पडायला लागला होता. बाकीचे दीडशे-पावणेदोनशे व्हिडिओ ताईंनी स्वतःच्या हाताने पुसले, कचरापेटीही रिकामी केली. मिनिटभर काही झालं नाही. मग फोन टिंग वाजला. पुन्हा टिंग. टिंग, टिंग, टिंग. अडकलेले मालाचे फोटो एकामागोमाग उतरत होते. त्यातली एक ऑर्डर गेली होती. दोन शिल्लक होत्या.

घरी आल्यावर तो दीड मिनिटाचा व्हिडिओ मी पुन्हा लावला. बोटीची गोष्ट त्यात नाही. गोणपाटाची जेमतेम सुरू होते. शेवटी आजोबा बोलता बोलता थांबतात, माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवतात आणि विचारतात, "बेटी, ये रेकॉर्ड हो रहा है ना?"

आणि व्हिडिओत माझाच आवाज येतो, "हाँ दादाजी, सब हो रहा है।"