आपोआप ठेविलेली प्रत

तहान लागल्यावर विहीर खणावयास निघालेल्या माणसास आपण हंसतों. परंतु घरांतील संगणकाच्या बाबतींत आपण सारे त्याचेच भाऊबंद आहों. ओझर हें विघ्नहराचें गांव. येथें व आसपासच्या गांवीं अनेक घरांतून, थोरल्या भावंडाच्या कॉलेजच्या वेळीं घेतलेला एखादा जुना संगणक अजून काम देत असतो. त्यावर यात्रेकरूंच्या खोल्यांची नोंद होते, नारायणगावच्या बाजारांतील टोमॅटोच्या पट्ट्यांचा हिशेब राहतो, आणि रात्रीं धाकटीं मुलें निबंध लिहितात. अशा यंत्रावर येणाऱ्या विघ्नाची तरतूद आधींच करावी, एवढेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

लिहिलेला मजकूर गेला म्हणजे काय गेलें, हें सर्वांस कळतें. परंतु संगणकाच्या अंतर्गत व्यवस्थेची नोंद, जिला सेटिंग्ज म्हणतात, तिचें मोल ती बिघडल्याखेरीज कळत नाहीं. प्रिंटर कोणता, मराठी कीबोर्ड कोणता, कोणतें सॉफ्टवेअर कोठें आहे, ह्या साऱ्याचीं टिपणें विंडोज प्रणाली रजिस्ट्री नांवाच्या एका मोठ्या वहींत ठेवीत असते. त्या वहींत लिहिणें चालू असतांना पावसाळ्यांत वीज अवचित गेली, तर पान अर्धवट राहण्याचा संभव असतो. आणि मग यंत्र सुरूच होत नाहीं. मराठी घराची अडचण तर दुहेरी आहे. जुन्या संगणकावर श्रीलिपीसारख्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर पुष्कळ असतो. सारी मांडणी नव्यानें करतांना तो फॉन्ट हातीं लागला नाहीं, म्हणजे फाईल जागच्या जागीं असूनहि आजोबांनीं लिहून ठेविलेली वंशावळ निरर्थक चिन्हांची खिचडी होऊन बसते.

दर रविवारीं आठवणीनें प्रत काढण्याचा संकल्प पहाटेच्या व्यायामाच्या संकल्पाइतकाच टिकतो. म्हणून हें काम यंत्राकडेच सोपवावें, असें आमचें मत आहे. ही कल्पना नवी नव्हे. १९९८ सालीं आलेली विंडोज ९८ प्रणाली दिवसांतून पहिल्यांदा सुरू होतांना रजिस्ट्री तपाशी, तिची प्रत ठेवी, आणि अशा पांच प्रती सांठवी. २००१ सालच्या विंडोज एक्सपींत, यंत्र चालू असतां, सुमारें दर २४ तासांनीं परतीची एक खूण आपोआप केली जाई. २००९ सालच्या विंडोज ७ मध्यें, सात दिवसांत दुसरी खूण झाली नसेल तर अशी खूण होते. यंत्र बिघडल्यास त्या खुणेपर्यंत मागें जातां येतें. मात्र हा उपाय व्यवस्थेपुरता आहे. पुसलें गेलेलें पत्र किंवा छायाचित्र त्यानें परत मिळत नाहीं.

परंतु काम सोपविलें म्हणजे संपलें, असें कोणीं समजूं नये. विंडोज १० प्रणालींत रजिस्ट्रीची प्रत रेगबॅक नांवाच्या फोल्डरमध्यें आपोआप ठेविली जात असे. २०१८ सालच्या १८०३ ह्या आवृत्तीपासून, डिस्कवरील जागा वांचविण्यासाठीं, ही सोय बंद करण्यांत आली. फोल्डर राहिला, फायलींचीं नांवेंहि तींच राहिलीं. पण प्रत्येक फाईल ० बाइटांची! बाहेरून भरलेली व आंतून रिकामी अशी ही कणगी आहे. कणगींत हात घालून पाहिल्यावांचून धान्य आहे असें कोणता शेतकरी मानील? मागें जाण्याच्या खुणा करण्याची सोयहि कित्येक यंत्रांवर बंद असते. ती चालू आहे कीं नाहीं, हें पाहणें ज्याचें त्याच्यावरच येतें.

दुसरी गोष्ट जागेची. ह्या साऱ्या खुणा त्याच डिस्कवर राहतात. डिस्क निकामी झाली कीं मूळ व प्रत दोन्हीं बरोबरच जातात. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या. पण त्यांची वाणी लोकांच्या मुखीं व संताजी जगनाडे यांच्यासारख्यांच्या लेखणींत राहिली, असें परंपरा सांगते. सर्व कांहीं एकाच ठिकाणीं नव्हतें, म्हणून तें वांचलें. त्याच न्यायानें बाहेरच्या दोन डिस्क घ्याव्या. विंडोज ७ मधील बॅकअपची सोय, जी विंडोज १० मध्येंहि ठेविलेली आहे, ठरल्या वेळीं संपूर्ण प्रणालीची प्रतिमा आपोआप उतरून घेते. एक डिस्क यंत्रास जोडलेली असावी, दुसरी कपाटांत किंवा आप्ताच्या घरीं; आणि महिन्यानें त्यांची अदलाबदल व्हावी.

ह्यावर कोणी म्हणतील, “एवढी यातायात कशाला? जुनें मोडींत काढून नवें घ्यावें.” ज्यांस परवडेल त्यांनीं अवश्य घ्यावें. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ सालीं, विंडोज ७ चा २०२० सालीं व विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. अशीं जुनीं यंत्रें इंटरनेटपासून शक्य तितकीं दूर ठेवणेंच शहाणपणाचें. परंतु नवें यंत्र घेणाऱ्यासहि जुन्यांतील ठेव सुखरूप बाहेर काढावी लागते, आणि ज्यास नवें घेणें शक्य नाहीं, त्याचें तर सर्वस्व त्या एकाच पेटींत असतें. ज्याच्यापाशीं एकच यंत्र, त्यासच प्रतीची गरज अधिक.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या दिवाळीच्या सुटींत एक काम करा. घरच्या संगणकांत आपोआप प्रत ठेविण्याची सोय चालू आहे का, तें पाहा. नसल्यास वडीलधाऱ्यांस विचारून चालू करा. मग त्या प्रतींतील एक फाईल दुसऱ्या ठिकाणीं उतरवून ती उघडते कीं नाहीं, तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहा. बंद पडलेलें यंत्र सुरू करणारी दुरुस्तीची सीडी करून तिच्यावर तारीख घाला. पालकांस आमची विनंती इतकीच कीं, दुसऱ्या डिस्कसाठीं मुलानें पैसे मागितले, तर तो खेळण्याचा हट्ट समजूं नये. यंत्रानें रोज राबावें व माणसानें महिन्यांतून एकदां तपासावें, एवढी वांटणी घरांत ठरली कीं पुढच्या पावसाळ्यांत वीज गेली तरी घरच्यांस झोंप लागेल.