कार्ड चुकलं!

द्वारकेचा सिग्नल एकदा लाल झाला की आजूबाजूच्या पाट्या वाचून काढण्याइतकी सवड नाशिककराला मिळतेच. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन रस्ते इथे एकमेकांत घुसतात, त्यामुळे पाट्यांना वाचक कमी पडत नाहीत. अबॅकस, वैदिक गणित, हस्ताक्षर सुधार या जुन्या मंडळींच्या पंगतीत आता ‘किड्स कोडिंग’ येऊन बसले आहे. वय वर्षे पाचपासून पुढे. त्यातल्या काही जाहिरातींत हल्ली आणखी एक ओळ असते: ‘स्क्रीनशिवाय, खेळांतून’.

या शेवटच्या ओळीमागची कल्पना मला पटते. मात्र तिच्या विरोधात जे बोलले जाते ते बरेचसे चुकीचे आहे, आणि तिच्या बाजूने जे बोलले जाते तेही फारसे बरोबर नाही.

विरोधकांचे म्हणणे आधी घेऊ. त्यांच्या मते कोडिंग म्हणजे संगणक, आणि लहानपणीच हातात लॅपटॉप दिला नाही तर मूल मागे पडणार. ही भीती आपल्या घरात कुठून आली ते आठवून पाहा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवणाऱ्या व्हाइटहॅट ज्युनिअर या कंपनीच्या जाहिरातींनी उच्छाद मांडला होता. कोडिंग शिकून कोट्यवधींचा पगार मिळवणारा ‘वुल्फ गुप्ता’ नावाचा मुलगा त्यांत असे. जाहिरातीगणिक त्याचे वय आणि पगार बदलायचा, कारण असा मुलगा अस्तित्वातच नव्हता. जाहिरातींचे मानदंड पाहणाऱ्या परिषदेने आक्षेप घेतल्यावर काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. पण त्याआधी, ऑगस्टमध्येच, बायजूजने ही कंपनी ३० कोटी डॉलरला विकत घेतली होती. भीतीला एवढा भाव आला होता.

दुसरा दाखला दिला जातो तो राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा. “धोरणातच आहे, पहिलीपासून कोडिंग!” धोरण काढून वाचावे. गणिती आणि संगणकीय विचारावर पायाभूत टप्प्यापासूनच भर द्यावा, तोही कोडी आणि खेळ नेहमी वापरून, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्ष कोडिंगचे उपक्रम मात्र मधल्या टप्प्यात, म्हणजे सहावी ते आठवीत. म्हणजे ज्या धोरणाच्या नावाने पाच वर्षांच्या मुलाला लॅपटॉप विकला जातो, तेच धोरण त्या वयाला खेळ सांगते.

स्क्रीनने डोळे बिघडतात, झोप उडते वगैरे मुद्दा मी इथे रेटणार नाही. तो डॉक्टरांचा प्रांत आहे, आणि घरोघरी जेवताना मोबाइल लावून देणाऱ्यांनी एकट्या कोडिंगवर तो लादणे बरे दिसत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. टॅबवरच्या खेळात मांजराला माशापर्यंत न्यायचे असते. मूल ठोकळे ओढते, हिरवे बटण दाबते, मांजर भिंतीवर आपटते. मूल एक ठोकळा बदलून पुन्हा बटण दाबते. पाच-सहा वेळा दाबादाबी केली की मासा मिळतो, वर चांदणीही मिळते. काय होणार याचा आधी विचार करायची गरजच पडली नाही. चूक फुकट असली की ती शोधत कोण बसतो?

आता आपल्या बाजूच्या लोकांकडे वळू. हे लोक म्हणतात, आपल्या परंपरेत हे सगळे होतेच. लंगडी म्हणजे कोडिंग, सागरगोटे म्हणजे अल्गोरिदम, ठिपक्यांची रांगोळी म्हणजे प्रोग्राम. ऐकायला गोड, पण फसवे. सागरगोट्यांनी हात आणि नजर तयार होते, लंगडीने पाय. ते मोलाचे आहेच. त्याला उगाच संगणकाची झूल कशाला? एखादा खेळ कोडिंगचा पाया व्हायचा तर त्यात तीन गोष्टी हव्यात. सूचना आधीच पूर्ण मांडलेली हवी. ती पाळणाऱ्याने स्वतःची अक्कल अजिबात वापरता कामा नये. आणि फसले तर कुठल्या पायरीवर फसले ते शोधून तेवढीच पायरी दुरुस्त करायला हवी. यातली तिसरी गोष्ट नसेल तर तो नुसता खेळ आहे. खेळा जरूर, पण त्याची फी घेऊ नका.

या तिन्ही गोष्टी असलेला खेळ कसा असतो? सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने पाच बाय पाचच्या चौकटी आखायच्या. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून कार्डे करायची: ‘एक घर पुढे’, ‘जागेवर डावीकडे वळ’, ‘जागेवर उजवीकडे वळ’, ‘उचल’. एक मूल यंत्र, दुसरे हुकूम देणारे. कोपऱ्यातल्या चौकटीत चेंडू. हुकूम देणाऱ्याने सगळी कार्डे आधी ओळीने मांडायची आणि मग तोंडाला कुलूप लावायचे. यंत्राने कार्ड वाचायचे आणि तेवढेच करायचे.

पहिला घोटाळा ठरलेला असतो. हुकूम देणारे मूल यंत्राच्या समोर तोंड करून बसलेले असते, त्यामुळे त्याचे डावे ते यंत्राचे उजवे. यंत्र बरोबर उलट दिशेला वळते आणि चौकटीबाहेर जाते. “तू चुकलास!” “मी नाही चुकलो, तुझं कार्ड चुकलं!” भांडण जुंपते, कार्डे तपासली जातात, आणि तिसरेच कार्ड उलटे होते हे सापडते. मग हुकूम देणारे मूल उठते, यंत्राच्या मागे जाऊन उभे राहते, स्वतः दोन पावले चालून बघते. लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी एक असलेले सेमूर पेपर्ट नेमके हेच करायला सांगत: पडद्यावरचे कासव कसे वळेल हे कळत नसेल तर आधी स्वतः कासव हो.

या खेळात एक खोडी करून पाहावी. ‘पुढे’ची कार्डे दोनच द्यावीत. चार घरे जायचे आणि कार्डे दोन. मुले आधी कुरकुरतात, मग कुणीतरी पेन्सिल मागते आणि कार्डावर ‘४ वेळा’ असे लिहून टाकते. मोठ्या वर्गात ज्याला ‘लूप’ म्हणून शिकवतात, ते इथे टंचाईतून निघते. टॅबवर ठोकळ्यांची टंचाई सहसा नसते.

“मी नाही चुकलो, तुझं कार्ड चुकलं” या वाक्याची किंमत मला मोठी वाटते, कारण मांडणीतली चूक आपण एरवी पाळणाऱ्याच्याच माथी मारतो. आमच्या द्वारका चौकात पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग झाला, माणसे वरूनच रस्ता ओलांडत राहिली, आणि आपण माणसांनाच शिस्त नाही म्हणत आलो. आराखडा मांडणाऱ्याने एकदा पादचारी होऊन चालून बघितले असते तर?

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. हा म्हणजे गरिबांच्या पोरांना खडू आणि श्रीमंतांच्या पोरांना लॅपटॉप देण्याचा सभ्य मार्ग नाही का? धोका खरा आहे. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळांची संगणक खोली रद्द करून ‘आता स्क्रीनविना शिकवा’ असे परिपत्रक काढले, तर या लेखाचा दाखला त्याने देऊ नये. सहावीपासून खरा संगणक, चालू वीज आणि शिकवणारा माणूस प्रत्येक शाळेला मिळालाच पाहिजे. पण त्याआधीच्या वयाला खडू हा काही नाइलाज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांची बालवाडी माती, पाने, बिया, शिंपल्यांवर उभी केली. महागडे साहित्य परवडत नव्हते हे खरे, पण त्या मुलांच्या हाताला ओळखीच्या वस्तूंनीच त्यांची बुद्धी कामाला लागते हेही त्यांनी ओळखले होते.

शिवाय ही पद्धत संगणक न मिळालेल्यांनी काढलेली नाही. न्यूझीलंडचे टिम बेल आणि त्यांचे सहकारी संगणकशास्त्राचेच अभ्यासक. ‘सीएस अनप्लग्ड’चे खेळ त्यांनी १९९० च्या दशकात रचले. त्यातला एक बघा. पाच कार्डांवर १, २, ४, ८, १६ असे ठिपके. पाच मुले एकेक कार्ड धरून उभी. कार्ड दाखवायचे किंवा पाठमोरे करायचे, एवढेच. एवढ्यावर ० ते ३१ मधला कुठलाही आकडा दाखवता येतो, म्हणजे प्रत्येकाची वाढदिवसाची तारीख. दुसरी-तिसरीचा वर्ग यात तास काढतो, आणि द्विमान पद्धती शिकून बाहेर पडतो. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘सीएसपाठशाला’नेही शाळांसाठी याच वाटेने धडे तयार केले.

राहता राहिला ताजा आक्षेप: आता एआयच कोड लिहितो, मग मुलांनी शिकायचेच कशाला? कोड कुणीही लिहो, काय हवे ते नेमके सांगणे आणि आलेले उत्तर कुठे चुकले ते धरणे हे काम माणसाकडेच उरते. पार्किंगमधली मुले तेच करत असतात.

तर द्वारकेच्या पाट्या वाचणाऱ्या पालकांना एक विनंती. फी भरण्याआधी एक तास वर्गात बसू द्या म्हणून हट्ट धरा. टॅब आहे की नाही हे नंतर बघा. मुलाची सूचना फसली की शिकवणारे काय करतात ते आधी पाहा. ते लगबगीने पुढे येऊन कार्ड बदलून देत असतील, तर पोराचा हात धरा आणि घरी या. खडूचे खोके कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.