तंत्रलेखकाचे नाव

व्यवसायाचे नाव म्हणजे केवळ ओळखपत्रावरची अक्षरे नव्हेत. त्या नावावरूनच माणसाला कोणत्या बैठकीस बोलवायचे आणि त्याच्या कामाचे मोल किती धरायचे, हे इतरेजन ठरवीत असतात. यंत्रे, औषधे व संगणक-प्रणाली कशा वापराव्यात हे समजावून सांगणाऱ्या लेखकांपुढे हा प्रश्न फार काळापासून उभा आहे.

१९४९ साली अमेरिकेत 'बायनॅक' या संगणकाची वापर-पुस्तिका जोसेफ चॅपलिन यांनी लिहिली. त्या देशात अशा लेखकांच्या संस्था १९५३ पासून स्थापन झाल्या. त्यांच्या एकत्रीकरणातून घडलेल्या संस्थेच्या नावात आरंभी 'लेखक' हा शब्द होता. १९७१ साली तो गळून 'तांत्रिक संप्रेषण' हा शब्दप्रयोग आला. ती संस्था २०२५ साली बंद पडली, नावाचा वाद मात्र मिटलेला नाही. जर्मनीत याच कामाला 'तांत्रिक संपादक' अशा अर्थाचे नाव आहे, तर काही कंपन्यांत 'इन्फर्मेशन डेव्हलपर' किंवा 'डॉक्युमेंटेशन इंजिनिअर' अशी पदनामे आढळतात.

या नव्या नावांमागे एक खरी व्यथा आहे. 'लेखक' म्हटले की यंत्र पूर्ण झाल्यावर शेवटी चार ओळी लिहिणारा, फार तर व्याकरण तपासणारा, असा समज होतो. वास्तविक त्याला यंत्र समजून घ्यावे लागते, तज्ज्ञांना प्रश्न विचारावे लागतात आणि वाचक कोठे अडखळेल हे आधीच ओळखावे लागते. इन्शुलिनची मात्रा सांगणारे एक संदिग्ध वाक्य रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

तरीही उसन्या वजनाचे नाव हा त्यावरील उपाय नव्हे. 'इंजिनिअर' या शब्दामागे विशिष्ट शिक्षण गृहीत असते. कॅनडात तर ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. शिवाय, अवघड गोष्ट सोपी करून सांगणे हेच ज्याचे कौशल्य, त्याने स्वतःसाठी मात्र उलगडून सांगावे लागेल असे नाव निवडावे, हे विसंगत आहे.

मराठीत 'तंत्रलेखक' हा शब्द सुटसुटीत आहे. विषय आणि कृती ही दोन्ही त्यात येतात. त्या शब्दाला प्रतिष्ठा मिळेल ती नाव बदलून नव्हे, तर यंत्राची आखणी सुरू होते त्या पहिल्या दिवसापासून तंत्रलेखकाला सोबत घेतल्याने. नाव साधे असावे. त्याचे वजन कामाने वाढवावे.