उंदरांसाठी मुंगूस आणलं, साप गेला!

अँटिगा म्हटलं की घरातल्या पुरुषमंडळींना व्हिव्हियन रिचर्ड्स आठवतो. मला हल्ली तिथला साप आठवतो. अँटिगन रेसर त्याचं नाव. बिनविषारी, सरडे-पालींवर गुजराण करणारा, माणसाच्या वाटेलाही न जाणारा.

या वेस्ट इंडियन बेटावर पूर्वी उसाचे मळे होते. उसात उंदीर माजले म्हणून मळेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंगसं आणून सोडली. ती जात मूळची आपल्याकडचीच बरं का! पण मुंगूस फिरणार दिवसा आणि उंदीर रात्री. गाठ पडणार कशी? मुंगसांनी मग पक्ष्यांची अंडी, सरडे आणि हा गरीब साप फस्त केला. उंदीर राहिले मजेत. साप कायमचा गेला, असंच सगळे धरून चालले होते.

१९९५ साली कळलं, की शेजारच्या जेमतेम पंचवीस एकरांच्या ग्रेट बर्ड आयलंडवर पन्नासेक साप तग धरून आहेत. अख्ख्या जगात तेवढेच! आणि त्यांनाही उंदीर कुरतडत होते. मग आधी त्या बेटावरचे उंदीर संपवले. पुढे १९९९ मध्ये रॅबिट, २००२ मध्ये ग्रीन आणि २००८ मध्ये यॉर्क आयलंडवर साप नेऊन सोडले. शाळकरी मुलांना होडीतून नेऊन बेटं दाखवली, हे मला फार आवडलं. वीसेक वर्षांत साप अकराशेच्या वर गेले. मोठ्या बेटावर मात्र त्याला परत नेता येत नाही. तिथे मुंगूस आहे ना!

हे सांगतेय ते आपल्या धामणीसाठी. तीही बिनविषारी, शिवाय शेतातले, कोठारातले उंदीर खाणारी. आपण मात्र नागपंचमीला नागाला हात जोडतो आणि धामण दिसली की काठी काढतो. का, तर म्हणे ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते. अहो, सड तोंडात धरून दूध ओढणं सापाला जमतच नाही! धामण मारायची आणि मग उंदरांसाठी विषाच्या गोळ्या आणायच्या, ही शहाण्या घरची रीत म्हणायची का? धामणीला कायद्याचंही संरक्षण आहे, तिला मारणं हा गुन्हा आहे.

आपल्याकडे धामण अजून भरपूर आहे, म्हणूनच आत्ता बोलतेय. पन्नास उरल्यावर होड्या घेऊन धावण्यात काय हशील?

साप कुठला ते ओळखता येत नसेल, तर जवळ जाऊ नका. मुलांना लांब ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. त्याचा नंबर आजच फ्रीजवर चिकटवून ठेवलात, तर ऐनवेळी शोधाशोध नको.